चौथं डोकं

घराबाहेर तीन आहेत.
एक दारावर, गाल फुगवून, जणू शिंक अडली आहे.
एक खिडकीच्या खांद्याशी. त्याचं नाक
हेस्टर बफ्टनच्या सासऱ्यानं शिडी आदळून घालवलं
आणि मग मरेपर्यंत दर नाताळला
बिअरचा एक घोट त्याच्यासाठी जमिनीवर ओतला.
तिसरं गोठ्याकडे. बाई की बुवा, सांगता येत नाही.
पहाटे धार काढताना कंदील त्याच्याच हनुवटीला अडकवायचे.

ही सगळी टेकडीपलीकडच्या मठातली माणसं.
राजानं मठ मोडला तेव्हा
छपराचं शिसं राजाकडे गेलं,
घंटा वितळल्या,
आणि दगड गेले ज्याच्याकडे बैलगाडी होती त्याच्याकडे.
वेल्सच्या सीमेवरच्या आमच्या ह्या खोऱ्यात
डुकरांच्या खुराड्यालासुद्धा नक्षीची कमान आहे.

मी आयवर प्रॉसर, गवंडी.
मला बोलावलं होतं धुराड्याच्या ओल्या भिंतीसाठी.
कुण्या शहाण्यानं चुन्यावर सिमेंट थापलेलं,
दगड आतल्या आत घुसमटलेला.
छिन्नीनं ते सोलत होतो,
तर एक दगड दातासारखा हलला, हातात आला.
मागे पोकळी. कोपरापर्यंत हात घातला.
भुसभुशीत माती, उंदरांनी साठवलेलं गवत,
आणि ओठ.

तीस वर्षं दगडात हात आहेत माझे.
फुटलेलं कुठलं, घडवलेलं कुठलं,
हे बोटांना डोळ्यांआधी कळतं.
खालचा ओठ जाड. वरच्यावर एक खाच.
झटकन हात काढला,
अंधारात झोपलेल्या माणसाच्या तोंडाला लागावा तसा.

"बाई, आणखी एक आहे," मी म्हणालो,
"पण हा आत बघतोय."

ऐंशीच्या हेस्टरनं अंगठी काढून खिशात टाकली,
बाही वर केली. तिचा हात बारीक,
थेट खांद्यापर्यंत गेला.
बराच वेळ ती काही बोलली नाही.
भिंतीला कान असतात म्हणतात.
ती तेच चाचपत होती.
"दोन्ही आहेत," म्हणाली.
मग, "डावा गाल कोमट आहे."
त्या अंगानं धुराडं वर जातं.

"त्याला असं उलटं का बसवलं असेल?"

मी सांगितलं, अशा दगडाला मागे लांब शेपूट असते,
तिचं टोक सपाट. ते बाहेर घेतलं की दर्शनी बाजू एका रेषेत येते.
बाकी काही नाही.
हे खरं आहे.
हेही खरं की ज्यानं ह्याला आत वळवलं
त्यानंच त्या तिघांना बाहेर तोंड दिलं होतं,
आणि ह्याचं नाक शाबूत होतं.
ते मी बोललो नाही.

ती म्हणाली, "पलीकडे मर्विनची खुर्ची होती.
त्याची वाचा गेल्यावर दोन वर्षं
ह्याच भिंतीला पाठ लावून बसायचा.
मला वाटायचं, एकटा बसलाय."

भोक आज उघडंच ठेव, म्हणाली.

सकाळी आलो तर भोकाशी रिकामा कप होता.
विचारलं नाही.
चुना कालवला, घोड्याचे केस मिसळले,
दगड होता तिथे बसवला,
ओळंबा सोडला. रेष सरळ आली.

छप्पर तीन ठिकाणी गळतं आहे.
लडलोचा व्यापारी गुरुवारी व्हॅन घेऊन येतोय,
बाहेरच्या तिघांसाठी. भाव ठरला आहे,
शिडी माझीच आहे.
शिंक अडलेल्याला उतरवताना
त्याच्या गालाला धक्का लागू द्यायचा नाही,
एवढं हेस्टरनं दोनदा बजावलं.

चौथ्याबद्दल त्यानं विचारलंच,
तर मी तिथे एक सपाट दगड पाहिला.